आतले, बाहेरचे आणि बर्फाची टाकी

९ एप्रिल
नववीचा शेवटचा पेपर. पत्र्याच्या वर्गात सुपरव्हिजन. पहिला तास फेऱ्या मारल्या, मग डावं पाऊल लोंबायला लागलं. चप्पल फळ्यापाशी राहिली आणि मी टेबलापर्यंत एका पायानं अनवाणी. पोरं हसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

हेडसर दारातून बघून गेले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पंधरा जूनला शाळा उघडेल. तोवर पाय परत आला पाहिजे. बसून विज्ञान शिकवणारे असतील, मला जमत नाही. मला फळा लागतो, बाकांमधून हिंडणं लागतं. नाही आला तर ऑफिसात टेबल मागायचं आणि हजेरीपट जुळवत निवृत्तीची वाट बघायची. चाळिशीसुद्धा झाली नाही अजून.

१२ एप्रिल
टँकर नाही. उद्या येईल म्हणे.

उजव्या डोळ्यावर दुपारी तेलकट कागद धरल्यासारखं होतं. सकाळी ठीक असतो. एमएसला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसला, हे चौथं वर्ष. गावात त्याला ‘मॅडमचं नसांचं’ म्हणतात. इतकं नेमकं नाव मलाही सुचलं नसतं.

सासूबाईंनी संध्याकाळचा शेक चालू केलाय. वीट चुलीत तापवायची, जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि पोटरीपासून खाली दाबत यायचं. मग निरगुडीच्या पाल्याची वाफ. “नसा गारव्यानं आखडतेत. ऊब दिली का सुटतेत. माझ्या थोरल्या जावंचा पाय असाच आणलाय मी,” म्हणाल्या. थोरल्या जाऊबाईंचा पाय बैलगाडीवरून पडून मुरगळला होता. पण हे त्यांना कोण सांगणार.

शेक बरा वाटतो, हेही खरं. दिवसभरात तेवढंच कुणीतरी पायाला हात लावतं.

१६ एप्रिल
गुरुवार, एमएसच्या आठवड्याच्या सुईचा दिवस. सुईची पेटी दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रातल्या फ्रीजमध्ये असते. घरी लाईटचा भरवसा नाही, केंद्राला जनरेटर आहे. आमचे हे संस्थेचे अध्यक्ष, त्यामुळे आजवर कुणी काही म्हटलं नाही.

नेहमी सुई आणतात हेच. आज हे चारा छावणीवर होते, म्हणून मी गेले. दुपारचे दोन. डोळा पूर्ण गेलेला, कुंपण धरत धरत. बब्रुवान, केंद्राचं सगळं बघणारा, म्हणाला, “वैनी, बसा घटकाभर. लई उनाच्या आल्यात.” बर्फाच्या पाण्याच्या टाकीशेजारी स्टूल दिलं. दूध गार करायचं पाणी त्या टाकीतून नळ्यांनी फिरतं आणि परत टाकीतच येतं. त्यानं टॉवेल टाकीत बुडवून पिळून दिला. मानेवर घेतला.

अर्ध्या तासात डोळा आला. समोरच्या भिंतीवरचे दुधाचे दर वाचता आले. उठले तर पाऊलही उचललं गेलं, थोडं.

घरी येईपर्यंत परत तेच.

१७ एप्रिल
आज मुद्दाम लक्ष ठेवलं. शेकाच्या आधी भिंत न धरता दारापर्यंत गेले. शेकानंतर उंबऱ्यावर अडखळले, सासूबाईंनी धरलं. म्हणाल्या, “नसा सुटायला लागल्यात, म्हणून ढिलं वाटतंय.”

मी सायन्सची बाई. डॉक्टरांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, उष्णता सांभाळा. ऊन म्हणजे उष्णता हे कळलं. सासूबाईंची वीट म्हणजे उष्णता हे डोक्यातच आलं नाही. मायेनं दिलेल्या गोष्टीला कोण थर्मामीटर लावतं.

२३ एप्रिल
औरंगाबाद. पहाटेची एसटी, हे सोबत. डॉ. बाई तरुण आहेत, मेंदूच्या. जंतुसंसर्गानंही असं होतं म्हणून लघवी-रक्त तपासलं, जंतू नाहीत. मग पायाच्या तळव्यावर किल्ली फिरवली. नंतर बोलल्या बऱ्याच. आठवतं तसं लिहून ठेवते.

नसेच्या धाग्यावर वेष्टण असतं. ते गुंडाळणाऱ्या पेशी वेगळ्या (ऑलिगोडेंड्रोसाइट, लिहितानाच दम लागतो). चांदणीसारख्या पेशी वेगळ्या, त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून मेंदूचं दार सांभाळतात आणि धाग्यांना हवं-नको बघतात. तिसऱ्या बारक्या, मायक्रोग्लिया. गस्त घालायची आणि केर काढायचा. हे सगळे आतले.

बाहेरचे म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी. त्या जंतू समजून आपल्याच वेष्टणावर धावून जातात. हे मला माहीत होतं, मी ते नववीला एका वाक्यात सांगतेही. माहीत नव्हतं ते पुढचं. बाहेरचे एकटे काही फार करू शकत नाहीत. ते आत आले की गस्तवाल्या चवताळतात, आणखी बोलावणी पाठवतात. चांदण्या त्या बोलावण्यांनी बिथरतात, दार सैल सोडतात, मग अजून बाहेरचे येतात. आतले बाहेरच्यांना पेटवतात आणि बाहेरचे आतल्यांना.

“सुई बाहेरच्यांना अडवते,” डॉ. म्हणाल्या. “पण ते निघून गेल्यावरही आतल्या काही पेशी जुन्या जखमेच्या कडेला धुमसत राहतात. तिथे सुई फारशी पोचत नाही.”

मी म्हटलं, मग त्या गस्तवाल्याच मारून टाका.

हसल्या. “केर कोण काढणार? तुटक्या वेष्टणाचा कचरा त्याच उचलतात. तो उचलल्याशिवाय नवीन वेष्टण चढत नाही. गुंडाळणाऱ्या पेशींची पिल्लं जखमेच्या काठावर येऊन थांबलेली असतात, बिचारी. काम सुरू करू शकत नाहीत. मारायचं नाही, शांत करायचं. ते अजून आम्हाला नीट जमत नाही.”

डॉक्टरच्या तोंडून ‘जमत नाही’ ऐकलं की का कोण जाणे, जरा बरं वाटतं.

आता माझं. दोन शक्यता. एक, ऊन आणि शेक. वेष्टण उडालेला धागा तापला की निरोप मध्येच हरवतो. गार झाल्यावर सगळं परत येतं, नुकसान काही नाही. दुसरी, आत खरंच काही सरकलंय. ते गार होऊनही परत येणार नाही. “शेक बंद. महिनाभर नीट गार राहून बघा. डोळा आणि पाय दोन्ही आले तर उन्हाचंच. न आलेल्याचं स्कॅन करू.”

हे परतीच्या गाडीत म्हणाले, “बीड जिल्ह्यात, मे महिन्यात, गार राहायचं. औषध तरी जमंल असं लिवायचं व्हतं.”

२४ एप्रिल
काल घरी आल्याआल्या शेक बंद करा म्हटलं. सासूबाई वीट हातात घेऊन उभ्या. “माझ्या शेकानं पाय गेला म्हंतीस?”
नाही, आत्या. शेकानं गेला नाही. तापलं की तेवढ्यापुरता जास्त वाटतो.
“तेच की.”
वीट चुलीमागे ठेवली. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी माझ्याशी बोलल्या, पण गायीला सांगून.

२७ एप्रिल
रोज दुपारी केंद्रात. बारा ते चार. टाकीशेजारी स्टूल, टॉवेल बुडवायचा, पिळायचा, मानेवर. पाणी निथळतं ते परत टाकीत, थेंब वाया जात नाही. त्या पाण्याचा दुधाला स्पर्शसुद्धा नसतो, दूध वेगळ्या नळ्यांतून जातं. बब्रुवान दुधाचं फॅट मोजत असतो, मी पुढच्या वर्षीचे पाठ लिहिते. डोळा रोज येतो. पाय थोडा.

चार तास माणसात असल्यासारखं वाटतं. फार दिवसांनी.

३ मे
दूध कमी होतंय. निम्मी जनावरं छावणीत, तिथं नुसता ऊस आणि पेंड. बाया रिकाम्या किटल्या खडखडवत येतात आणि माझ्याकडं बघतात. एकीनं विचारलं, “मॅडम, तुमाला गारवा बाधत न्हाई का?” म्हटलं, मला ऊबच बाधते. तिनं पदर तोंडाला लावला.

६ मे
जे व्हायचं ते झालं. दत्तूअप्पा. संस्थेचे सगळ्यात जुने सभासद, ह्यांच्या वडिलांबरोबर संस्था काढलेले. बब्रुवानला म्हणाले, “आजारी बाईचा टावेल टाकीत बुडिवतोस. त्या पाण्यानं दूध गार करतोस. उद्या तालुक्याच्या संघानं दूध परत केलं तर?”

हा रोग लागत नाही. तालुकाभर ओरडून सांगीन. तीन वर्षं ह्याच गावातल्या पोरांना संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य असा तक्ता काढायला लावलाय मी, त्यात दत्तूअप्पांचा नातू पहिला आला होता.

हे म्हणाले, “मी बोलतो त्यांच्याशी.” बोलले नाहीत. थकलेत. छावणीत चाऱ्याची गाडी उशिरा आली तरी शिव्या ह्यांनाच.

१० मे
संस्थेच्या ओट्यावर बैठक. मी गेले नाही, ऐकू सगळं आलं. विषय चाऱ्याचा होता, आला माझ्यावर. “अध्यक्षाच्या बायकूला येगळा कायदा हाय का?” कुणीतरी तालुक्याला फोन लावला. तासाभरात जीप आली, त्यात चार-पाच पोरं, ज्यांचा ह्या गावात ना गोठा ना किटली. त्यांना मी कोण हेही माहीत नसेल. खुर्च्या आपटल्या, नोटीस बोर्ड फोडला, ह्यांच्या अंगावर गेले. मग जीप गेली.

धावून बाहेरचे येतात, पण फोन घरातून जातो. डॉ. बाईंनी काढलेलं चित्र आठवत राहिलं. त्यात शोधून काढलं तर वाईट असं कुणीच नव्हतं.

१२ मे
हे म्हणाले, थोडे दिवस जाऊ नकोस केंद्रात. माझ्याकडे न बघता म्हणाले.
म्हटलं, बरं.
आणखी काही बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

दत्तूअप्पांचं सभासदत्व काढा, असं ह्यांची बाजू घेणारे म्हणतात. हे नको म्हणतात. पहाटे छावणीतलं शेण कोण उचलून घेतं, हौद कोण धुवून घेतो? अप्पाच. ते गेले तर आठ दिवसांत जनावरांना रोग पडतील. हे सगळं मला पटतं. रागही येतो. दोन्ही.

१५ मे
तसंही संपलं. दूध इतकं घटलं की कॉम्प्रेसर चालवणं परवडत नाही. उद्यापासून कॅन सरळ टेम्पोनं माजलगावकडं. बर्फाची टाकी बंद. फ्रीज तेवढा चालू, सुईपुरता, बब्रुवाननं शब्द दिलाय.

डोळा सकाळी अकरालाच गेला आज.

१८ मे
झोपून. पत्रा, पंखा, लाईट नाही. टॉवेल ओला करायचा तर प्यायच्या पाण्यातून. घागरीत बघते आणि टॉवेल परत ठेवते.

२० मे
आज एक झालं. मी पडून होते. सासूबाई आल्या, हातात आंघोळीची बादली. टँकरच्या पाण्यातली त्यांच्या वाट्याची. म्हटलं, आत्या, हे काय. “म्हातारीला रोज आंगुळ कावून लागती? घाम तर येत न्हाई मला.”

त्याच जुन्या लुगड्याचा तुकडा, ज्यात वीट गुंडाळायच्या, तो बादलीत बुडवला आणि माझ्या पायावर ठेवला. ठेवताना डोळे गच्च मिटले. साठ वर्षं त्यांना हेच माहीत आहे की गारव्यानं पाय जातो. तरी ठेवला. ओठ हलत होते, देवाला काय सांगत होत्या कुणास ठाऊक.

मी रडले. त्यांना वाटलं, गार लागलं. हात मागे घेतला. म्हटलं, राहू द्या, आत्या. बरं वाटतंय.

२१ मे
मानेवर ठेवायला सांगितलं, पायावर नाही. “पाय दुखतोय आन् मानंवर?” म्हणाल्या. पण ठेवलं.

२५ मे
रोज सकाळी बादली. नंतर ते पाणी कुंडीतल्या तुळशीला, उरलं तर गायीला. दारावर ओलं गोणपाट. खोली बरी राहते. डोळा आता दुपारी चारपर्यंत टिकतो. पाय... लिहायला नको. बघू.

२९ मे
अप्पा वाटेत ह्यांना म्हणाले, “मॅडमचा पाय कसा हाय?” बैठकीनंतर पहिल्यांदाच. हे म्हणाले, “हाय तसाच.” अप्पांनी मान हलवली आणि हौदाकडं गेले. एवढंच. त्यांच्या घरून अजून चहाला हाक नाही, आमच्या घरून त्यांना नाही.

हे मला सांगताना दोनदा सांगितलं. म्हणजे त्यांनाही लागलं होतं.

२ जून
ढग, पाऊस नाही. वारा मात्र गार, रात्रभर. पहाटे पांघरूण घेतलं, मार्चनंतर पहिल्यांदा.

३ जून
अजून गार. उजवा डोळा सकाळी लख्ख, दुपारी लख्ख, आत्ता संध्याकाळीही. कंदिलाच्या उजेडात हे लिहितेय आणि शाई दिसतेय. म्हणजे डोळा उन्हाचाच होता.

पाऊल उचलत नाही.

अंगणात चालून पाहिलं. दारापासून तुळशीपर्यंत, परत. चप्पल तुळशीपाशी राहिली. वारा गार, जमीन गार, मी गार, आणि चप्पल तुळशीपाशी.

४ जून
आज परत पाहिलं. तेच. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्यांना तेवढंच माहीत आहे की गार झालं की पाय येतो, मीच शिकवलंय. ऊबेवरचा विश्वास मोडून त्यांनी माझ्या गारव्यावर ठेवला. आता त्यांना काय सांगू? की गारवाही पुरत नाही? की बाहेरचं ऊन गेलं आणि आत काहीतरी स्वतःच्या मनानं चालू आहे, आणि डॉक्टरलाही ते नीट शांत करता येत नाही?

डॉ. ना फोन. “डोळा आला, पाय नाही,” एवढंच सांगितलं. म्हणाल्या, “गुरुवारी या. स्कॅन करू. नवीन जखम दिसली तर औषध बदलता येईल. न दिसली तर...” पुढचं मी ऐकून घेतलं नाही. पुढचं मला माहीत आहे. न दिसली तर जुन्याच जखमेच्या कडेला काहीतरी धुमसतंय.

आयुष्यात पहिल्यांदा मी नवीन जखम दिसू दे म्हणून मागणं मागतेय.

७ जून
हेडसरांचा निरोप. वेळापत्रक करायला या. शिपायाला म्हटलं, शुक्रवारी सांगते. तो म्हणाला, “सरांनी तुमचे तास पैल्यावानीच धरल्यात.” सर बोलत नाहीत, पण तास धरतात. त्याचंच जास्त ओझं झालं.

१० जून
ऊन परत. वारा पडला. उद्या पहाटेची एसटी, स्कॅनला. आज सुई आगाऊच आणून ठेवली, बब्रुवाननं बर्फात गुंडाळून दिली. बर्फ कुठून आणला विचारलं तर म्हणाला, “अप्पांनी केजहून आणलाय. नाव सांगू नगं म्हनले.”

सासूबाईंनी संध्याकाळी बादली आणली. म्हटलं, आत्या, आज राहू द्या, तुम्ही आंघोळ करा. ऐकलं नाही. मानेवर फडकं ठेवलं. मग तळपायावर हात ठेवला. नुसता हात.

“आला का गं पाय?”

शाळेत पोरं विचारतात, बाई, हे उत्तर बरोबर आहे का. तेव्हा मी कधी ‘जवळजवळ’ म्हणत नाही.

“येईल,” म्हटलं.

त्यांनी फडकं उचललं, परत बादलीत बुडवलं, पिळलं आणि पुन्हा मानेवर ठेवलं. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत.